हिरवं मांजर का नसतं? (रंगीत प्राणी, मांजरं आणि इतर गमतीजमती)

उगाच_विचारतो
भाचीने विचारलेला प्रश्न इथे डकवतोय, कारण तिला "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आहे आणि तो "उद्या" आता फार लांबवता येणार नाही.

पोपट हिरवा, बेडूक हिरवा, नाकतोडा हिरवा, साप हिरवा. मग हिरवं मांजर का नसतं? बरं, मांजरच कशाला, हिरवा ससा, हिरवं हरीण, हिरवा कोल्हा, काहीच का नाही? गवतात दबा धरून बसायचं तर हिरव्याहून सोयीचा रंग कुठला? आणि वाघ पाहा, हिरव्या रानात भडक नारिंगी कोट घालून फिरतो आणि तरी उपाशी मरत नाही.

माझं मत असं की गरज नव्हती म्हणून झाला नाही. पण हे मत मलाच फारसं पटलेलं नाही. जाणकारांनी लिहावं. सोबत रंगीत प्राण्यांच्या आणि तुमच्या घरच्या मांजरांच्या गमतीही येऊ द्यात.

आळशी_अस्वल
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. मांजरांचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

रंगारी
गरजेचा प्रश्न नाही, सामानाचा आहे.

सस्तन प्राण्यांच्या केसांत रंगद्रव्यं मुळात दोनच. युमेलॅनिन (काळा ते तपकिरी) आणि फिओमेलॅनिन (पिवळसर ते तांबूस). वाघ, उंट, खार, तुमची मनी आणि आपल्या डोक्यावरचे (उरलेले) केस, सगळा खेळ या दोघांचा. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे दोन्ही नाहीत म्हणून पांढरं. या दोघांना कसंही मिसळलं तरी हिरवा निघत नाही.

आता पोपट. त्याच्या पिसातही बहुतेक वेळा हिरवं रंगद्रव्य नसतंच! पिवळं रंगद्रव्य असतं, आणि पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परत फेकला जातो. पिवळा अधिक निळा, झाला हिरवा. अनेक हिरव्या बेडकांचंही तेच, वर पिवळ्या पेशींचा थर आणि खाली निळसर प्रकाश परतवणाऱ्या पेशी. पिवळा बनवण्यात काही बिघाड झाला की तोच बेडूक निळा जन्माला येतो. खरंखुरं हिरवं रंगद्रव्य पिसात बाळगणारे पक्षी फार थोडे, आफ्रिकेतले तुराको हे त्यातले प्रसिद्ध. त्यांच्या लाल आणि हिरव्या दोन्ही रंगांत चक्क तांबं असतं.

शंकेखोर
रंगारी, मग मॅन्ड्रिल माकडाचं निळं तोंड? ते सस्तनच ना?

रंगारी
सस्तनच, पण तिथे केस नाहीत, कातडी आहे. त्वचेतले कोलॅजेनचे तंतू अशा अंतराने रचलेले असतात की निळा प्रकाश तेवढा परत येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात पण फुगा फोडून हाताला रंग लागत नाही, त्याच जातकुळीतलं. मोराचं पीस, खंड्याची पाठ, मॉर्फो फुलपाखराचे पंख, सगळे निळे असेच "बिनरंगाचे". मोराचं पीस पूर्ण कुटून भुकटी केली तर निळाई जाते आणि मेलॅनिनचा तपकिरी काळा तेवढा उरतो. (मोराला त्रास न देता, गळालेल्या पिसावर करा.)

केसांतही अशी करामत अगदीच होत नाही असं नाही. आफ्रिकेतल्या सोनेरी चिचुंद्रीसारख्या प्राण्याच्या, म्हणजे गोल्डन मोलच्या, अंगावर हिरवट-निळी झाक चमकते. गंमत म्हणजे तो आंधळा असतो आणि जमिनीखाली राहतो. एवढा झगमगाट कुणासाठी, तर कुणासाठीच नाही. केस गुळगुळीत आणि चपटे असले की माती चिकटत नाही, चमक ही फुकटात मिळालेली.

खारूताई
हिरवा स्लॉथ विसरलात!

रंगारी
तो उधारीचा हिरवा. केसांत शेवाळ वाढतं. आठवड्यातून एकदाच झाडावरून खाली उतरायचा कंटाळा नसलेल्या, बाकी सगळ्याचा कंटाळा असलेल्या प्राण्यालाच ते परवडतं.

आळशी_अस्वल
हा प्रतिसाद मी वैयक्तिक घेतला आहे.

चष्मिष्ट
वाघाचं राहिलं की. वाघ आपल्याला नारिंगी दिसतो. हरणाला नाही.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी, हरणाच्या डोळ्यात दोनच. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. म्हणजे नारिंगी वाघ आणि हिरवं गवत दोन्ही एकाच रंगाचे. पट्ट्यांनी आकार मोडला की काम फत्ते. त्यामुळे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की हिरवा वाघ आहेच, फक्त तो ज्याने पाहायला हवा त्यालाच हिरवा दिसतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याच्यावर काम प्रसिद्ध केलं होतं, हरणाच्या नजरेने वाघ कसा दिसेल याच्या प्रतिमा बनवून.

उगाच_विचारतो
क्या बात है! म्हणजे हिरवा बनवायला सामानही नाही आणि बनवून उपयोगही नाही. भाचीला सांगण्याजोगं काहीतरी मिळालं.

शंकेखोर
थांबा थांबा. माकडांना तर तिन्ही रंग दिसतात. पक्ष्यांना चार. मग वाघ नाही पण मांजर पक्षी पकडते ना? पक्ष्याला नारिंगी मांजर चांगलीच उठून दिसत असणार.

चष्मिष्ट
मुद्दा रास्त. पण मांजर मुख्यतः उंदरांवर जगत आली आणि तेही अंधुक उजेडात. संधिप्रकाशात रंग कुणालाच नीट कळत नाहीत. तिथे करडे पट्टे पुरतात. पाळीव मांजरांची पूर्वज आफ्रिकन रानमांजर अशीच आहे, वाळूच्या रंगाची आणि फिकट पट्ट्यांची. नारिंगी, पांढरी, तिरंगी ही सगळी नंतरची चैन, माणसाच्या आसऱ्याला आल्यावरची.

बोकोबा
चैन म्हणू नका, आमचा नारिंगी बोका हे संकट आहे. बंद दारावर डोकं आपटतो, दार उघडलं की आत यायचं नसतं. आरशातल्या स्वतःवर गुरगुरतो. नारिंगी बोक्यांत सगळ्यांत मिळून मेंदूची एकच पेशी असते आणि ते ती आळीपाळीने वापरतात असं म्हणतात. आमच्याकडे पाळी अजून आलेली नाही.

गुलबक्षी
हसून हसून पुरेवाट!! आमच्या नारिंग्याचंही तेच.

शंकेखोर
रंगाचा आणि स्वभावाचा संबंध आहे याला पुरावा काय? मालकांना विचारून केलेल्या पाहण्यांत नारिंगी मांजरं "मनमिळाऊ" ठरतात, पण ते मालकांचं मत झालं. एकदा डोक्यात बसलं की नारिंगी वेडा, मग त्याने भांडं पाडलं की "नारिंगीच ना" आणि करड्याने पाडलं की "दमली असेल बिचारी".

बोकोबा
शंकेखोरराव, तुम्ही या आणि दोन तास त्याच्यासोबत बसा. पुरावा स्वतःहून अंगावर येईल.

प्रयोगवही
स्वभावाचा एक सरळ खुलासा होऊ शकतो. नारिंगी मांजरांत बोके जास्त असतात. म्हणजे लोक ज्याला नारिंगी स्वभाव म्हणतात तो बराचसा बोक्याचा स्वभाव असू शकेल.

बोके जास्त का, तर नारिंगी करणारा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तिथे नारिंगी आला की अख्खा बोका नारिंगी. मांजरीकडे एक्स दोन, पूर्ण नारिंगी व्हायला दोन्हीकडून यावा लागतो. हा जनुक एक्सवर आहे हे शंभर वर्षांपासून ठाऊक होतं, पण नेमका कोणता ते सापडत नव्हतं. मे २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अशा दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलं: एआरएचजीएपी-३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळलेला आहे. त्यामुळे हा जनुक रंगपेशींत नको तिथे चालू होतो आणि काळ्याऐवजी तांबूस रंग बनतो. सस्तन प्राण्यांत दुसरीकडे कुठे नारिंगी रंग या वाटेने आलेला माहीत नाही. कुत्रा, घोडा, माणूस, सगळ्यांची तांबड्याची वाट वेगळी.

बोकोबा
म्हणजे काहीतरी गळलेलं आहे हे अधिकृत झालं. धन्यवाद.

मनी_सदाफुली
आमची मनी तिरंगी आहे, पांढरी, काळी, नारिंगी. शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात की त्यांच्या ओळखीत तिरंगी बोका आहे. मी म्हटलं शक्य नाही. कोण बरोबर?

प्रयोगवही
दोघेही, पण पैज तुमच्या बाजूने लावेन.

मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात पण एक बंद ठेवला जातो. कोणता बंद करायचा हे गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत आपापलं, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि त्या पेशीची पुढची सगळी पिलावळ तोच निर्णय पाळते. एकावर नारिंगी, दुसऱ्यावर काळा असेल तर अंगावर नारिंगी आणि काळे तुकडे. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगांवरून हे मांडलं. मनीच्या पाठीवर तो निर्णय उघड्यावर लिहिलेला आहे, बाकी सगळ्या माद्यांत, बायकांतसुद्धा, तो आत लपलेला असतो.

बोका तिरंगी व्हायचा तर त्याच्याकडे एक एक्स जादा हवा (एक्सएक्सवाय). साधारण तीन हजार तिरंग्यांत एक असा बोका सांगतात, आणि तो बहुधा वांझ असतो. तेव्हा काकांचा बोका असू शकतो, पण आधी शेपटी उचलून नीट पाहायला सांगा.

मनी_सदाफुली
काकांना निरोप पोचवला. काका रुसले आहेत.

पण मग पांढरा कुठून येतो?

प्रयोगवही
तो वेगळाच मामला. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून पसरत पोटाकडे, पंज्यांकडे जातात. संख्या अपुरी पडली की शेवटचे भाग कोरे राहतात. म्हणून पांढरे मोजे, पांढरं पोट, पांढरी हनुवटी हेच नेहमी दिसतं. पाठ पांढरी आणि पाय काळे अशी मांजर शोधून दाखवा.

गुलबक्षी
शोधायची कशाला, आमच्याकडे आहे. अंग जवळपास पांढरं, पाय, कान, शेपूट गडद. सयामी वळणाची आहे.

प्रयोगवही
पकडलंत! पण सयामी हा कोरेपणाचा प्रकार नाही, तापमानाचा आहे. रंग बनवणारं विकर (एन्झाइम) तिच्यात असं आहे की उबेत काम करत नाही, थंडाव्यात करतं. कान, नाक, पंजे, शेपूट हे थंड भाग, म्हणून गडद. पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे ऊबच.

गुलबक्षी
अरे, म्हणून होय! तिचं ऑपरेशन झालं तेव्हा कुशीवरचे केस भादरले होते. परत आले ते गडद, बरोबर भादरलेल्या चौकोनाएवढे, कडा पट्टीने आखल्यासारख्या. मी इतकी घाबरले होते की काही संसर्ग झाला म्हणून दवाखान्यात फोन केला. पलीकडून "तसं होतं" एवढंच सांगून ठेवून दिला. पुढच्या केसगळतीला हळूहळू फिकट झाले. कारण आज कळलं.

शेपूटडॉक्टर
कातडी उघडी पडली की थंड होते, म्हणून. काही करायची गरज नसते.

पांढऱ्या मांजरीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. पूर्ण पांढरी आणि दोन्ही डोळे निळे असतील तर ती बहिरी असण्याची शक्यता बरीच मोठी. एकच डोळा निळा असेल तर कमी, आणि बहिरेपण असलंच तर बरेचदा निळ्या डोळ्याच्या बाजूच्या कानाला. कारण वर आलंच आहे, त्याच रंगपेशींच्या भाईबंद पेशी कानाच्या आतही लागतात. घरी टाळ्या वाजवून तपासू नका, मांजर हवेचा झोत आणि जमिनीची थरथर ओळखते आणि तुम्हाला फसवते. आणि बहिरी आहे कळलं तर बाहेर मोकळी सोडू नका, एवढंच.

पिसारा
आमची पांढरी, पिवळ्या डोळ्यांची, तिला दोन खोल्या पलीकडे पाकीट फाडल्याचं ऐकू येतं. नाव घेतलेलं मात्र ऐकू येत नाही.

शेपूटडॉक्टर
त्या आजारावर उपाय नाही. जपानमधल्या संशोधकांनी तपासलंय, मांजरांना स्वतःचं नाव कळतं. ओ द्यायची की नाही हा त्यांचा प्रश्न.

खारूताई
मांजरांवरच गाडी अडकली. जरा इतरांकडेही पाहा. रोहित पक्ष्याची पिल्लं राखाडी असतात, खाण्यातल्या शेवाळातून आणि कोळंबीसारख्या जिवांतून कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य मिळत गेलं की गुलाबी होतात.

आणि माझा सर्वांत लाडका म्हणजे माखलीसारखे प्राणी, कटलफिश आणि ऑक्टोपस. क्षणात अंगाचा रंग पार्श्वभूमीशी जुळवतात आणि स्वतः रंगांध असतात! डोळ्यात प्रकाश ओळखणारी एकाच प्रकारची पेशी. रंग दिसत नसताना जुळवतात कसा यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

चष्मिष्ट
याच्या बरोबर उलट मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखाच एक समुद्री जीव. रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी, म्हणून सगळीकडे लिहून येतं की त्याला आपल्या कल्पनेपलीकडचे रंग दिसतात. २०१४ मध्ये प्रत्यक्ष चाचणी घेतली तर जवळजवळच्या दोन छटा ओळखण्यात तो माणसापेक्षा कितीतरी कच्चा निघाला. बहुधा तो तुलना करत बसत नाही, बारापैकी कोणती पेशी वाजली एवढंच बघून झटकन ठरवतो.

पिसारा
शॅमेलिअन परिसराप्रमाणे रंग बदलतो हेही असंच अर्धवट ना?

रंगारी
हो. प्रतिस्पर्धी दिसला, मादी दिसली, ऊन हवं असलं, की बदल. लपण्यासाठी मुख्यतः नाही, तो एरवीही पानांत मिसळलेलाच असतो. जिनिव्हा विद्यापीठाने २०१५ मध्ये दाखवलं की त्वचेत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. शांत असताना स्फटिक जवळ, निळा प्रकाश परततो आणि वरच्या पिवळ्यामुळे हिरवा दिसतो. चिडला की स्फटिक लांब जातात, पिवळा-तांबडा दिसतो. म्हणजे पोपटाचाच डाव, फक्त याला हवा तेव्हा मोडता येतो.

बोकोबा
जाता जाता, बोक्यासाठी लाल खेळणं आणलं तर ढुंकून पाहिलं नाही.

चष्मिष्ट
मांजरांनाही दोनच प्रकारच्या शंकुपेशी. निळा आणि पिवळसर हिरवा बरा कळतो, लाल त्यांना मळकट दिसत असावा. पण खेळणं हललं तर रंग कोण बघतो? बैलाचंही तेच, लाल फडक्याने नाही, फडकवल्याने चिडतो.

बोकोबा
खोक्यात बसला शेवटी. खेळणं ज्या खोक्यातून आलं त्यात.

आळशी_अस्वल
धागाकर्त्याचा हिरवा राहिलाच बाजूला. बल्गेरियातल्या वार्ना शहरात २०१४ मध्ये खरोखर हिरवंगार मांजर रस्त्यावर फिरत होतं, फोटो जगभर गेले. कुणीतरी मुद्दाम रंगवलं म्हणून लोक पेटले. निघालं असं की ते एका पडीक गॅरेजमध्ये कोरड्या रंगाच्या ढिगावर झोपायचं.

माझा आदर्श आहे ते मांजर.

खारूताई
कुत्र्याची पिल्लंसुद्धा क्वचित हिरवट जन्मतात. वारेतल्या बिलिव्हर्डिन या पित्तातल्या द्रव्याचा डाग फिक्या केसांना लागतो, काही आठवड्यांत जातो.

गुलबक्षी
मग घरच्या घरी थोडासा खायचा रंग लावून भाचीची हौस...

शेपूटडॉक्टर
नको. मांजर अंगावर लावलेलं सगळं चाटून पोटात घालते. शिवाय अनेक द्रव्यं निष्प्रभ करणारी जी यंत्रणा आपल्या यकृतात असते ती मांजरात अगदी दुबळी. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीला मारू शकते. आणि रंगांचाच धागा आहे तर हेही: लिलीची फुलं घरात ठेवू नका. अंगावर सांडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. चाटल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मनी_सदाफुली
हे माहीत नव्हतं. फुलदाणी आत्ता बाहेर काढली.

प्रयोगवही
खरं हिरवं मांजर हवंय? आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने जन्माला घातलं आणि २०११ मध्ये जाहीर केलं.

जेलीफिशमधला हिरवी चमक देणाऱ्या प्रथिनाचा जनुक मांजरीच्या अंड्यात घातला, पिल्लं मोठी झाली, आणि निळ्या प्रकाशात धरलं की हिरवी चमकायची. हौस म्हणून नाही. मांजरांना एचआयव्हीचा चुलतभाऊ असलेला एफआयव्ही नावाचा विषाणू होतो. त्याला अडवणारा माकडाचा एक जनुक त्यांना मांजरात घालायचा होता, आणि तो कुठल्या पेशींत पोचला हे कळावं म्हणून सोबत ही हिरवी खूण. त्या प्रथिनाच्या शोधाला आणि विकासाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय.

साध्या उजेडात मात्र ती नेहमीसारखीच मांजरं.

उगाच_विचारतो
म्हणजे उत्तर "नसतं, पण असतं". भाची खूश होईल, तिची आई माझ्यावर नाही, कारण आता टॉर्च घेऊन मांजरामागे धावणं सुरू होणार.

शंकेखोर
प्रयोगवही, क्लोनचा प्रश्न राहिला. तिरंगी मांजरीचा क्लोन, म्हणजे तिच्याच पेशीपासून जनुकीय नक्कल, केला तर ठिपके तेच येतील का?

प्रयोगवही
मस्त प्रश्न. करून झालंय. जगातलं पहिलं क्लोन मांजर, डिसेंबर २००१, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. मूळ मांजर तिरंगी, नाव रेनबो. क्लोनचं नाव सीसी, म्हणजे कार्बन कॉपी. आणि कार्बन कॉपीच्या अंगावर नारिंगी नावालाही नव्हता! करडे पट्टे आणि पांढरा. ज्या पेशीपासून ती घडवली त्या पेशीने नारिंगीवाला एक्स आधीच बंद करून टाकला होता आणि तो पुन्हा उघडलाच नाही. सीसीने पुढे पिल्लंही दिली आणि १८ वर्षं जगली.

पिसारा
काळ्या मांजरीचं कुणी बोललंच नाही. आमची काळीभोर होती, आता पाठीवर तांबूस दिसायला लागली आहे. उन्हात बसली की त्यात पट्टेही दिसतात. म्हातारी होतेय का?

प्रयोगवही
पट्टे आधीपासून असणारच. काळेपणा हा पट्ट्यांवर ओढलेला पडदा आहे. पट्टेवाल्या मांजरीचा गळलेला एक केस उजेडात धरून पाहा, एकाच केसावर काळा, पिवळट, काळा असे टप्पे दिसतात. काळ्या मांजरीत ते पिवळट टप्पे भरून काढलेले असतात, पण नक्षी अंधुक शिल्लक राहते. नारिंगीवर मात्र हा पडदा चालतच नाही, म्हणून पट्टे नसलेला नारिंगी बोका सहसा सापडत नाही.

शेपूटडॉक्टर
तांबूसपणा बहुतेक उन्हाचा, काळं रंगद्रव्य उन्हाने विटतं. ती खिडकीत पडून असते का?

पिसारा
दिवसभर. उठवलं तर चावते.

शेपूटडॉक्टर
मग तेच. फक्त तिला बाजारचं मांजरांचं संतुलित खाणं मिळतंय ना ते बघा. टायरोसिन हे अमिनो आम्ल कमी पडलं तरी काळे केस तांबूस होतात. उन्हात न येणाऱ्या भागावर, पोटाखाली वगैरे, तोच रंग दिसला तर एकदा दाखवून घ्या.

पिसारा
पोट पाहायचा प्रयत्न केला. पोट काळं आहे. माझा हात लाल आहे.